नोकरी सोडली, त्याबद्दल

तीर्थरूप बाबा आणि आई,
शि. सा. नमस्कार.

फोनवर सांगितलं असतं तर बाबा नुसतं "बरं" म्हणून फोन आईकडे देतील, म्हणून लिहितोय. इथली, फ्रान्समधली क्लेरमाँतची नोकरी मी मार्चअखेर सोडली. पाऊण तासावरच्या तियेर गावात, दोन माणसांच्या कारखान्यात घडीचे चाकू करायला शिकतोय. कर्जाचा शेवटचा हप्ता फेडला, मगच राजीनामा दिला. व्हिसाचे कागद नीट आहेत. पगार कमी, पण भाडंही निम्मं. आणि शिक्षण वाया गेलं असं म्हणू नका. स्टीलला पाणी देणं तेव्हा पुस्तकात होतं, आता हातात आहे.

हे गाव सहाशे वर्षं चाकूच करतंय. पूर्वी नदीकाठी धार लावणारे फळीवर पालथे पडून काम करायचे, ऊब म्हणून पायांवर कुत्रा बसवायचे. आई, माझ्या पायांवर तुझी गोधडी असते. खोलीत हीटर आहे, वरणभात रोज होतो.

तीन आठवडे मी फक्त चाकूच्या पाठीची स्प्रिंग बसवत होतो. चाकू उघडा असो की मिटलेला, ती मुठीशी सपाट हवी. नखाला कड लागली की मास्तर न बोलता चाकू माझ्याकडे सरकवतात. किंचित कानस, पुन्हा जोडायचा, पुन्हा टक्क. बाबा, अडकित्त्याची खीळ ठोकून तुम्ही तो कानाशी धरून उघडमीट करायचात ना, तस्सं. सुपारीचं पहिलं खांड मला मिळायचं.

मुठीला इथे शिंगही लावतात, पण आई, मी सध्या ऑलिव्हच्या लाकडावरच आहे.

डाव्या अंगठ्याला दोन टाके पडले होते. म्हणूनच व्हिडिओ कॉलवर तो हात खाली असायचा. आता नुसती खूण आहे, खरंच.

बाबा, टाकी बघायला गच्चीवर चढायचं नाही, वॉचमनला सांगा. बीपीची गोळी रोज. आई, शुगरचा आकडा कळव, "ठीक आहे" नको. आणि मामाला इतक्यात काही बोलू नका.

दिवाळीला येतोय. बाबांसाठी एक चाकू ठेवलाय. पातं मिटताना जरा उजवीकडे झुकतं, म्हणून विकायला गेला नाही. इथे चाकू फुकट देत नाहीत, नातं तुटतं म्हणे; घेणाऱ्याने एक नाणं द्यायचं. बाबा, रुपया काढून ठेवा. रागावला असाल तर आईच्या डब्यातून घेईन.

तुमचा,
बाळ्या