तारकर्लीला जा, पण पाण्यात उतरू नकोस

पुणे,
18 नोव्हेंबर

प्रिय शुभे,

तुझा मेसेज वाचला, मी तुझ्या हातावर काढलेल्या वृंदावनाच्या टॅटूचा फोटोही मोठा करून पाहिला. फोनवर सांगितलं असतं, पण रात्री खाज सुटली की तुला पुन्हा वाचता यावं म्हणून सविस्तर लिहितेय.

आधी तुझी भीती. वृंदावनाच्या पायरीवरचे ठिपके पापुद्र्यांबरोबर निघाले, उशीच्या अभ्र्यावर काळे कण सापडले, म्हणून शाई गेली असं तुला वाटतंय. ती गेलेली नाही. सुई शाई सोडते ती वरच्या कातडीच्या खाली, साधारण एक ते दोन मिलिमीटर आत. जाताना वरच्या थरातही थोडी राहते आणि तो थर आता सोलून निघतोय. अभ्र्यावर पडली ती तीच. आतली शाई कातडीतल्या पेशींनी गिळून धरलेली असते. फ्रान्समधल्या मार्सेच्या संशोधकांनी 2018 मध्ये उंदरांच्या शेपटीवर गोंदून दाखवलं, की अशी पेशी मेली की शाई सुटते आणि तिथे आलेली नवी पेशी ती पुन्हा गिळते. माईआजीच्या हातावरचं गोंदण हिरवट पडलं, कडा पसरल्या, तरी ती जाईपर्यंत तुळस ओळखू येत होती ती त्यामुळेच. पापुद्रे निघाले की तुझं वृंदावन काही दिवस धुरकट आणि चकचकीत दिसेल. वर नवी कातडी कोवळी असते म्हणून. महिन्या-दीड महिन्यात काळं नीट उठून येईल, तोवर रंगाबद्दल काहीच ठरवू नकोस.

आता धुण्याचं. दिवसातून दोनदा पुरे, घाम आला तर तिसऱ्यांदा. आधी हात साबणाने धू. मग कोमट पाणी, बिनवासाचा सौम्य साबण, आणि बोटांची पेरं. घासणी नाही, कापड नाही. घरातल्या टॉवेलला हात पुसू नकोस, तो कितीही स्वच्छ दिसला तरी ओलसर असतो आणि चार जण वापरतात. टिश्यूने टिपून घे आणि पाच-दहा मिनिटं हात तसाच उघडा ठेव. मग मलम. शुभे, फोटोत मलमाचा थर चकाकतोय, एवढं नको! तांदळाच्या दाण्याएवढं घेऊन सगळ्या वृंदावनावर पसरायचं, कातडी जेमतेम ओली दिसली की बस. जाड थराखाली खपली मऊ पडते, ओली राहते, आणि अशी खपली निघते तेव्हा खरोखरच शाई घेऊन निघते. सकाळी बाही किंवा चादर चिकटलेली सापडली तर ओढू नकोस. तिथेच कोमट पाणी घाल आणि ती आपोआप सुटू दे.

आत्याबाई हळद लाव म्हणतात. त्यांच्या हातावर गोंदलं तेव्हा हळदच लावली होती आणि त्यांचं गोंदण छान बसलंय, त्यामुळे त्यांचं म्हणणं मी उडवून लावत नाही. पण डब्यातली हळद रोज चमच्याने ढवळलेली असते, तिचे कण उघड्या कातडीत अडकतात आणि ते काढायला मग चोळावं लागतं. त्यांना सांग, मनू नको म्हणाली. वासाचं केसांचं तेलही नको.

खाज सुटणारच, आणि येते आठवडाभर जास्त सुटेल. नख लावायचं नाही. वरून तळहाताने हलकं थोपट, किंवा स्वच्छ कापडात गुंडाळलेला बर्फ बाजूच्या कातडीवर धर. अर्धवट सुटलेला पापुद्रा लोंबत असला तरी तो ओढायचा नाही. तुला तो ओढायचा मोह होणार हे मला शाळेपासून माहीत आहे. तुझ्या गुडघ्यावरची एकही खपली कधी स्वतःहून पडली नाही.

आणि तारकर्ली. ऑफिसच्या सगळ्यांनी स्कूबाचे पैसे भरलेत, फक्त वीस मिनिटांचं आहे, वर प्लास्टिक गुंडाळते, असं तू लिहिलंस. नाही, शुभे. प्लास्टिकच्या कडेतून पाणी आत जातं आणि मग तेच पाणी जखमेवर कोंडून राहतं. समुद्राच्या कोमट पाण्यात व्हिब्रिओ नावाचे जिवाणू असतात. 2017 मध्ये एका ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात एका 31 वर्षांच्या माणसाची हकीकत आली होती. पोटरीवर टॅटू काढून पाच दिवस झाले होते आणि तो मेक्सिकोच्या आखातात पोहला. तो वाचला नाही. त्याचं यकृत आधीच खराब होतं, तुझं ठणठणीत आहे, हे मला कळतं. तरीही माझ्या हाताने केलेली जखम घेऊन तू समुद्रात उतरलेली मला चालणार नाही. टॅटूला तीन-चार आठवडे होईपर्यंत समुद्र नाही, पोहण्याचा तलाव नाही, बादलीत हात बुडवून कपडे भिजवणं नाही. तू होडीत बस, सोलकढी पी, सगळ्यांचे फोटो काढ. मे महिन्याच्या आत आपण दोघी पुन्हा जाऊ, तुझे बुडालेले पैसे मी भरते.

किनाऱ्यावर ऊन फार असतं. अजून सनस्क्रीन लावायचं नाही, कातडी पूर्ण भरल्यावरच. तोवर सैल, सुती, पूर्ण बाह्यांचा कुर्ता घाल. स्कूटरवरचा सनकोट चालेल, फक्त तो आधी धू, त्याच्या बाह्यांना किती धूळ असते ते तुला माहीत आहे.

थोडा लालसरपणा, थोडी लस गळणं, हात जड वाटणं हे पहिल्या दिवसांतलं, ते तुझं उतरलंय. आता उलट दिशेने काही झालं, म्हणजे लाली पसरत गेली, ठणका वाढला, पू दिसला, लाल रेघ वर चढली किंवा ताप आला, तर मला फोटो पाठवत बसू नकोस. त्याच दिवशी डॉक्टर गाठ. मला नंतर कळवलंस तरी चालेल.

पायरीचा उजवा ठिपका मलाही थोडा फिकट वाटतोय. जानेवारीत ये, तेव्हा पाहू, तो भरायला पाच मिनिटं लागतील. रविवारी खिडकीजवळच्या उजेडात, फ्लॅश न लावता, एक फोटो पाठव.

तुझी,
मनू

ता. क. डिसेंबरात तुमच्या ऑफिसात रक्तदान शिबिर असतं ना? यंदा नाव देऊ नकोस. टॅटूनंतर वर्षभर रक्त घेत नाहीत.