वनमंत्र्यांना खुले पत्र: डोंगरवाटेवर काँक्रीट नको, आधी पाण्याला वाट द्या

मा. वनमंत्री महोदय यांस,
स.न.वि.वि.

आमच्या शहराला लागून असलेल्या डोंगरावर, जंगलातून माथ्यापर्यंत जाणारी एक पायवाट आहे. तिचा 'विकास' करायचं घाटतंय, हे पायथ्याशी लागलेल्या फलकावरून कळलं. खालपासून वरपर्यंत काँक्रीटच्या पायऱ्या, दोन्ही बाजूंना रेलिंग, ठरावीक अंतरावर दिवे. गेली एकोणीस वर्षं मी आठवड्यातून दोनदा तरी ही वाट चढतो. वाट खराब झाली आहे हे मला मान्य आहे, आणि ते आपल्या खात्याच्या लक्षात आलं याचं बरंही वाटलं. पण दुखणं एकीकडे आणि पट्टी दुसरीकडे, असं काहीतरी होऊ घातलंय, म्हणून हे पत्र.

पहिली चढण संपते तिथे एक जुनं झाड आहे. मी यायला लागलो तेव्हा त्याचं एक मूळ वाटेत जेमतेम दिसायचं, ठेच लागण्यापुरतं. आज त्या मुळाखाली माझा हात कोपरापर्यंत जातो. मूळ होतं तिथेच आहे, खालची माती गेली. वरून हजारो तळवे घासून त्याला जुन्या उंबरठ्यासारखी चकाकी आली आहे. दर वर्षी पहिला मोठा पाऊस झाला की मी तिथे हात घालून बघतो. नवीन जागा किती झाली ते बोटांना कळतं.

ही माती पायांनी सैल केली हे खरं, पण वाहून नेली पाण्याने. जंगलातला पाऊस आधी पानांवर पडतो, मग पाचोळ्यात मुरतो, मग सावकाश मातीत उतरतो. पायवाटेवर पाचोळा टिकत नाही आणि माती चेपून टणक झालेली असते. पाण्याला मुरायला जागा नसली की ते धावायला लागतं. आमची वाट मधल्या टप्प्यात नाकासमोर सरळ वर चढते, त्यामुळे जोराच्या पावसात वाट आणि ओहोळ यांत फरकच उरत नाही. वाहत्या पाण्याचं गणितही भयंकर आहे. वेग दुप्पट झाला की त्याला ढकलता येणाऱ्या दगडाचं वजन जवळजवळ चौसष्टपट होतं. आधी माती जाते, मग खडी, आणि मग एके दिवशी आपण इतकी वर्षं ज्यावर पाय ठेवला तो धोंडा खालच्या वळणावर भेटतो.

वाटेची अशी घळ झाली की लोक कडेने चालायला लागतात. कडेची झुडपं तुडवली जातात, तिथली माती उघडी पडते, पुढच्या पावसात तीही जाते. दोन माणसं जेमतेम जातील एवढी वाट काही ठिकाणी जीप जाईल इतकी रुंद झाली आहे ती अशी. त्यात वळण टाळून सरळ उतरणारे आमचे उत्साही मित्र. (तरुणपणी मीही त्यांतलाच होतो, त्यामुळे फार बोलत नाही.)

आता यावर काँक्रीट ओतल्याने काय होईल, हे बघायला लांब जायला नको. सुरुवातीच्या टप्प्यात काही वर्षांपूर्वी पायऱ्या केल्याच आहेत. पाणी त्यांच्यावरून घसरगुंडीसारखं येतं आणि जिथे पायऱ्या संपतात तिथे खड्डा खणतं. कडेने उतरणारं पाणी पायऱ्यांच्या खालची माती पोखरतं. खालून सातव्या-आठव्या पायरीवर काठी ठोकून बघा, रिकाम्या डब्यासारखा आवाज येतो. तिच्या शेजारून लोकांनी नवी कच्ची वाट पाडली आहेच. पायऱ्या चढायच्या टाळण्यासाठी.

झाडांचं वेगळंच. पाणी आणि अन्न शोषणारी बारीक मुळं बहुतेक करून वरच्या फूट-दीड फूट मातीत असतात, आणि त्यांना पाण्याइतकीच हवाही लागते. ओलं सिमेंट चुन्याइतकं जहाल असतं, त्यातून पाझरणारं पाणी आजूबाजूच्या मातीचा पोत बदलून टाकतं. वर सांगितलेल्या झाडाचं मूळ पायऱ्यांच्या आखणीत आड येणार, हे उघड आहे. मग ते तोडलं जाईल, आणि झाड लगेच पडणार नाही म्हणून त्याची कुठे नोंदही होणार नाही.

पायऱ्या ज्येष्ठांच्या सोयीसाठी, असं फलकावर लिहिलंय. मी आता ज्येष्ठांतच मोडतो. मातीच्या वाटेवर प्रत्येक पाऊल वेगळं पडतं, पाय आपली जागा आपण निवडतो. पायरीची उंची एकदा ठरली की ठरली. उतरताना तोच दणका, त्याच गुडघ्याला, शेकडो वेळा. वर दमट हवेत सिमेंटवर शेवाळ धरतं तेव्हा तर बघायलाच नको. माथ्याजवळ एक उघडा कातळ आहे, तिथे मात्र रेलिंग जरूर हवं. आणि खरोखर सोयच करायची असेल तर पायथ्याजवळचा अर्धा किलोमीटर सपाट आहे, तेवढा व्हीलचेअर जाईल असा पक्का करा. चाकाच्या खुर्चीतल्या माणसालाही जंगल हवं असतं, आणि पायऱ्यांचा त्याला काडीचा उपयोग नाही. त्या अर्ध्या किलोमीटरसाठी मी स्वतः आपले आभार मानायला येईन.

दिव्यांबद्दल एवढंच म्हणतो की रात्री डोंगर ज्यांचा असतो, त्यांना ते नको आहेत.

मग करायचं काय? डोंगरवाटा बांधणाऱ्यांचा एक साधा नियम आहे. वाटेचा चढ डोंगराच्या उताराच्या निम्म्याहून जास्त नसावा, आणि एकूण सरासरी दहा टक्क्यांच्या आसपास राहावी, म्हणजे दहा मीटर चालल्यावर एक मीटर वर. मग पाणी वाटेवरून धावत न सुटता ती आडवी ओलांडून जंगलात उतरतं. वाटेचा पृष्ठभाग दरीकडे किंचित कलता ठेवायचा, आणि थोड्या थोड्या अंतरावर चढ मोडून हलकासा उतार द्यायचा, पाण्याला बाहेर पडायला दार म्हणून. जिथे सरळ चढण्याशिवाय गत्यंतर नाही तिथे तिथलेच दगड सिमेंटशिवाय रचून पायऱ्या. आमचा मधला सरळ टप्पा बंद करून वाट आडवी, नागमोडी नेली तर निम्मं काम झालं.

बंद केलेला तुकडा आणि सगळे शॉर्टकट मात्र खरोखर बंद व्हायला हवेत, काटक्या-ओंडके आडवे टाकून. तुडवण्याचं बहुतेक नुकसान पहिल्या काहीशे पावलांतच होतं, त्यानंतर पावलं वाढली तरी नुकसान त्या प्रमाणात वाढत नाही. म्हणून दहा पुसट वाटांपेक्षा एक ठसठशीत वाट जंगलाला परवडते.

हे कुठे झालं आहे का, असं आपले अधिकारी विचारतील. हाँगकाँगसारख्या दाटीच्या शहरात सुमारे ४० टक्के जमीन कंट्री पार्क आणि तशाच संरक्षित क्षेत्रात आहे. तिथेही वाटांवर सिमेंट ओतलं गेलं, चालणाऱ्यांनी हरकत घेतली, आणि पुढे त्याच सरकारी खात्याने दगड, लाकूड, माती वापरून दुरुस्ती सुरू केली, स्वयंसेवकांना ती शिकवायलाही घेतली. अमेरिकेतली अपलाचियन ट्रेल ही सुमारे ३,५०० किलोमीटरची वाट १९२१ मध्ये बेंटन मॅके यांनी सुचवली, १९३७ मध्ये ती सलग झाली, आणि आजही तिची बरीचशी देखभाल स्वयंसेवकच करतात. या सगळ्याला सिमेंट फारसं लागत नाही, पण माणूस लागतो. दर पावसाआधी चर मोकळे करणारा, सरकलेला दगड त्याच आठवड्यात बसवणारा. ठेकेदार काम संपलं की जातो. आपल्या योजनेत देखभालीचं एक वाक्यही नाही, हे मला सगळ्यात जास्त खटकलं.

एक छोटी मागणी पाट्यांबद्दल. पायथ्याशी 'माथा ४ किमी' अशी पाटी आहे. शहरातला माणूस ते वाचून पाऊण तासाचा हिशेब करतो. मागच्याच महिन्यात दिवस मावळताना एक जोडपं मला अर्ध्या वाटेत भेटलं, दोघांत एक मोबाईल, त्यात अकरा टक्के बॅटरी, आणि 'आता आलंच ना वर?' हा प्रश्न. नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये एक ढोबळ हिशेब मांडला होता. दर पाच किलोमीटरला एक तास, आणि वर प्रत्येक ६०० मीटर चढाईला आणखी एक तास. आमच्या वाटेची चढाई ४५० मीटर धरली तर एका बाजूचाच वेळ दीड तासावर जातो, तोही न थांबता. पाटीवर अंतराऐवजी वेळ लिहा. रंगाचा एक डबा लागेल.

कार्यादेश निघण्याआधी एवढं तरी व्हावं. जोराच्या पावसात, ऐन पाऊस सुरू असताना, आपल्या अभियंत्याला ही वाट एकदा खालून वर चालायला लावा, आणि पाणी जिथून वाटेत शिरतं नि जिथून बाहेर पडू पाहतं तिथे खुणेच्या काठ्या रोवायला सांगा. काठ्या आम्ही तासून ठेवल्या आहेत. छत्री त्यांनी आणावी.

आपला,
या वाटेवरचा एक नेहमीचा चालणारा