पतसंस्थेचे सॉफ्टवेअर आणि दोन पद्धती: मित्रास पत्र

कोथरूड, पुणे

प्रिय श्रीधर,

सप्रेम नमस्कार.

पतसंस्थेचे सॉफ्टवेअर नव्याने लिहिताना ते जावाच्या ऑब्जेक्ट-ओरिएंटेड वळणाने लिहावे की हास्केलसारख्या फंक्शनल (गणितासारख्या फंक्शनांनी काम करणाऱ्या) भाषेत, असे तू विचारले आहेस. यांतली श्रेष्ठ पद्धत कोणती, या वादात मला रस उरलेला नाही. तुझे सॉफ्टवेअर पुढे कोणत्या अंगाने वाढणार आहे, यावर निवड करावी असे माझे मत आहे.

तुझ्याकडे बचत खाते, मुदत ठेव, आवर्ती ठेव असे प्रकार आहेत, आणि व्याज काढणे, पावती छापणे, मुदतीपूर्वी ठेव मोडल्यास दंड आकारणे अशा क्रिया आहेत. ऑब्जेक्ट-ओरिएंटेड रचनेत प्रत्येक प्रकाराचा क्लास (साचा) आपली माहिती आणि आपल्या क्रिया एकत्र बाळगतो. त्यामुळे उद्या संचालक मंडळाने दामदुप्पट योजना काढली, तर बहुतेक वेळा एक नवा क्लास लिहून भागते. पण लेखापरीक्षकांनी सर्व खात्यांचा नवा अहवाल मागितला, की एकेक क्लास उघडून त्यात मेथड (क्लासमधली क्रिया) घालत बसावे लागते. फंक्शनल भाषेत याच्या उलट घडते. नवी क्रिया म्हणजे केवळ एक नवे फंक्शन, मात्र नवा प्रकार आला की प्रकार पाहून फाटे फोडणारे प्रत्येक फंक्शन दुरुस्त करावे लागते. फिलिप वॅडलर यांनी १९९८ साली या पेचाला ‘एक्स्प्रेशन प्रॉब्लेम’ असे नाव दिले. व्हिजिटर पॅटर्नने, म्हणजे क्रिया क्लासबाहेर वेगळ्या ठेवण्याच्या रचनेने, यातून सुटका होते असे तुला कोणी सांगेल, पण त्याने क्रिया वाढवणे सोपे होते आणि प्रकार वाढवणे अवघड, म्हणजे पेच फक्त कूस बदलतो.

तुझ्या कामात याहून वजनदार मुद्दा बदलत्या स्टेटचा, म्हणजे साठवलेली किंमत जागच्या जागी बदलत राहण्याचा, आहे. दोन काउंटरवरून एकाच खात्यावर व्यवहार झाले, तर डेटाबेसचे ट्रान्झॅक्शन तुला सांभाळून घेईल. रात्रीच्या व्याज-आकारणीत मात्र मेमरीतल्या खात्याच्या ऑब्जेक्टमधील शिल्लक पाच मेथड बदलत असतील, तर चुकीचा आकडा कोणत्या पायरीवर शिरला हे शोधणे जिकिरीचे होते. खतावणीत चुकीची नोंद खोडत नाहीत, उलट नोंद करतात. फंक्शनल भाषांची मूळ शिस्त तीच आहे. जुनी किंमत तशीच राहते आणि नवी वेगळी तयार होते. दर वेळी सगळ्याची नक्कल होते, ही भीती बाळगू नकोस, कारण न बदललेला भाग जुन्या आणि नव्या रचनेत सामायिक ठेवता येतो. व्याजाच्या फंक्शनला शिल्लक, दर आणि दोन तारखा दिल्या की उत्तर नेहमी तेच आले पाहिजे, म्हणजे डेटाबेस न जोडता शेकडो उदाहरणे तपासता येतात. त्या फंक्शनने आजची तारीख संगणकाच्या घड्याळातून परस्पर घेतली, तर हा सगळा लाभ गेला. हे पथ्य जावातही पाळता येते, फक्त तिथे ते तुलाच पाळावे लागते. हास्केलमध्ये फंक्शनच्या टाइपवरूनच ते कळते.

आता दोन्हींमधली भिंतही पूर्वीची राहिलेली नाही. फंक्शनल घराण्यातली लिस्प १९५८ पासूनची आणि ऑब्जेक्ट-ओरिएंटेड घराण्यातली, ओस्लोत घडलेली सिम्युला १९६७ ची, म्हणजे दोन्ही घराणी जुनीच. पण २०१४ मध्ये जावा ८ ने लॅम्डा (बिननावाची फंक्शने) आणले, २०२१ मध्ये रेकॉर्ड (न बदलणाऱ्या माहितीचे साचे) आणि सील्ड (उपप्रकारांची यादी ठरलेले) क्लास कायमचे झाले, आणि २०२३ च्या जावा २१ मध्ये स्विचमधले पॅटर्न मॅचिंग (प्रकार पाहून शाखा निवडणे) पक्के झाले. सील्ड इंटरफेसवरच्या अशा स्विचमध्ये एखादा प्रकार राहून गेला, आणि तू डिफॉल्ट शाखा लिहिलेली नसेल, तर कंपायलर (कोडचे भाषांतर करणारा प्रोग्राम) अडवतो.

म्हणून हास्केल मला कितीही आवडत असली तरी तुला सुचवणार नाही. तिच्या आळशी मूल्यमापनामुळे (लागेल तेव्हाच हिशेब करण्यामुळे) मेमरी कुठे फुगेल याचा अंदाज नवख्याला येत नाही, आणि तू रजेवर असताना ती सांभाळणारे माणूस पुण्यातसुद्धा सहज मिळणार नाही. जावा २१ घे. व्याज, दंड आणि अहवालांचा गाभा न बदलणाऱ्या रेकॉर्डवर चालणाऱ्या शुद्ध, म्हणजे त्याच माहितीवर नेहमी तेच उत्तर देणाऱ्या, फंक्शनांत लिही. डेटाबेस, छपाई आणि एसएमएस हे बाहेरचे काम ऑब्जेक्टकडे सोपव. इनहेरिटन्सची, म्हणजे एका क्लासवरून दुसरा काढत जाण्याची, उतरंड मात्र रचू नकोस.

खात्यांचे प्रकार सील्ड ठेवावेत की मोकळे, हे ठरवण्यासाठी संस्थेने आजवर तुझ्याकडे मागितलेल्या बदलांची यादी पाठव, आणि त्यात नव्या योजना कोणत्या व नवे अहवाल कोणते, यावर खुणा करून ठेव. वहिनींना नमस्कार सांग.

तुझा,
माधव