'कु.' म्हणजे काय?

कोराट, थायलंड
रविवार, २४ ऑगस्ट २०२५

ती. बाबा आणि सौ. आई यांना साष्टांग नमस्कार.

रोज फोन होतो तर पत्र कशाला, असं आई म्हणेल. पण फोनवर आजी मध्येच "जेवलीस का?" विचारते, बाबांना स्पीकरचं बटण सापडत नाही, आणि इथल्या शाळेतल्या नोकरीच्या व्हिसाची गोष्ट दर वेळी त्याच वळणावर अडकते. शिवाय परवा मामांचा फोन आला होता. गुड्डीला कोणी एजंट भेटलाय. दीड लाख मागतोय आणि सांगतोय, "थायलंडला आपल्याला व्हिसाच लागत नाही. आधी जा, शिकवायला लाग, कागदपत्रं मागाहून होत राहतील." म्हणून हे पत्र तुम्हाला लिहिलं असलं तरी स्नेहलतागंजला मामांकडे नेऊन तिला वाचून दाखवा. तिच्या हातात देऊ नका, ती शेवटचं पान आधी वाचते.

माझं म्हणाल तर २९ जुलैला पासपोर्टवर वर्षभराच्या मुक्कामाचा शिक्का बसला. आता रात्री झोप लागते. त्याच्या आधल्या आठवड्यात कंबोडियाच्या सीमेवर तोफा सुरू झाल्या, तुम्ही दिवसातून चार-चार फोन केलेत, आणि "आमचा जिल्हा सीमेला लागून नाही" हे मी पाढे म्हणावेत तसं सांगत राहिले. पण खरं सांगू? मला तोफांपेक्षा ३ ऑगस्टची धास्ती जास्त होती. त्या दिवशी व्हिसावरचे माझे पहिले नव्वद दिवस संपत होते.

आता गुड्डीसाठी. एजंट अर्धं खरं बोलतोय, आणि तेच वाईट. जुलै २०२४ पासून भारतीय पासपोर्टवर इथे साठ दिवस व्हिसाशिवाय राहता येतं. पण ते फिरायला. शिकवायचं तर नॉन-इमिग्रंट बी व्हिसा लागतो आणि तोही पुरत नाही. बी व्हिसा म्हणजे घरात शिरायची परवानगी. चूल पेटवायची परवानगी वेगळी, ती कामगार खातं देतं. आणि नव्वद दिवसांनंतर मुक्काम वाढवायची आणखी वेगळी, ती इमिग्रेशन देतं. वर्गात उभं राहायचं म्हणून शिक्षक परिषदेची चौथी. चार दारं, चार किल्ल्या, आणि प्रत्येक दारावरचा माणूस विचारतो की आधीच्या दाराची पावती कुठाय.

पहिलं दार तुम्ही पाहिलंच आहे. शाळेने करार, नेमणुकीचं पत्र आणि शिक्षण खात्याचं पत्र पाठवलं. आपण पोलीस क्लिअरन्स, डिग्री, बँकेचं स्टेटमेंट जोडलं. या जानेवारीपासून व्हिसाचा अर्ज ऑनलाइनच असल्यामुळे इंदूरहून मुंबई-दिल्लीची खेप वाचली. ईमेलवर व्हिसा आला तेव्हा बाबांनी तीन प्रती काढल्या आणि एक देवापाशी ठेवली. ती अजून तिथेच असेल तर आता काढायला हरकत नाही.

६ मेला मी उतरले, आणि खरी गंमत तिथून सुरू झाली. शाळेत कागदपत्रं बघणारी एक बाई आहे. तिला सगळे 'फी' म्हणतात. मला वाटलं, पैसे मागून राहिलेत! फी म्हणजे ताई. तर या फीने माझी फाइल उघडली, पासपोर्ट एका बाजूला ठेवला, बी.एड.ची मार्कशीट दुसऱ्या बाजूला, आणि नखाने एका जागी टकटक केलं. मार्कशीटवर माझ्या नावाआधी इंग्रजी अक्षरांत 'कु.' छापलंय. पासपोर्टवर नाही. तिने विचारलं, "हे तुझं पहिलं नाव का?"

मी म्हटलं, नाही, कुमारी. लग्न न झालेल्या मुलीच्या नावापुढे लावतात. ती एकदम हसली. थाई भाषेत कुमारी हा शब्द आहे, मुलगी याच अर्थाचा! शेजारच्या दोघींना बोलावून तिने तो टिंबासकट 'कु.' दाखवला. तिघी हसल्या, मीही हसले. मग हसू पुसून ती म्हणाली, "मला कळलं. पण खात्याला कागद लागेल."

त्या कागदासाठी बाबा मेच्या उन्हात जिल्हा कोर्टात गेलात, स्टॅम्प पेपरवर अ‍ॅफिडेविट करून नोटरीचा शिक्का घेतलात, आणि "अमुक आणि कु. अमुक या एकच व्यक्ती आहेत" हे मध्य प्रदेशातल्या एका वकिलाने थायलंडला कळवलं. डिग्री खरी आहे असं विद्यापीठाकडून पत्र हवं होतं तेव्हा मेलला तीन आठवडे उत्तर नव्हतं. त्यासाठीही तुम्हीच खिडकीवर उभे राहिलात. तिथे काय झालं ते तुम्ही मला धड सांगितलं नाहीत, आई म्हणते दोन वेळा परत पाठवलं. मी इथे एसीत बसून होते, बाबा. ते विसरलेले नाही.

शिक्षक परिषदेचं नाव ऐका. खुरुसफा. थाई लोक 'ग'चा 'ख' आणि 'भ'चा 'फ' करतात. उलटं करून बघा, गुरुसभा! कामाच्या परवान्याला 'बाइ अनुयात' म्हणतात. बाइ म्हणजे कागद, आणि अनुयात म्हणजे आपल्या अनुज्ञेचंच भावंड. आमच्या शहराचं कागदोपत्री नाव नाखॉन राच्चसीमा, म्हणजे नगर राजसीमा. साल मात्र चुकवतं. फॉर्मवर २५६८ लिहावं लागतं, बुद्धाचं. शके, संवत आणि इसवी तिन्ही सांभाळणाऱ्या आपल्या घरात वाढूनही पहिल्या फॉर्मवर हिशोब चुकवून मी माझा जन्म अजून व्हायचा आहे असं लिहून दिलं होतं.

खुरुसफाने दोन वर्षांची तात्पुरती परवानगी दिली. पण कामाचा परवाना यायला जून उजाडला. शाळा मेच्या मध्यावरच सुरू झाली होती. मुख्याध्यापिकेने पहिल्याच दिवशी बजावलं होतं की परवाना हातात येईपर्यंत वर्गात पाऊल टाकायचं नाही, खडू उचलायचा नाही. मला तेव्हा राग आला. बाहेरून 'अ‍ॅलजिब्रा' ऐकू येतोय, सातवीच्या वर्गाला गणिताला कोणी नाही, आणि मी खोलीत बसून थाई मुळाक्षरं गिरवतेय. पगारही नाही. आणलेल्या पैशांवर महिना काढला. पोह्यांचं एक पाकीट आणि जीरावन मसाल्याची डबी, एवढ्यावर किती सकाळी निघाल्या ते आईला सांगत नाही.

नंतर कळलं, ती बरोबर होती. परवान्याविना काम करताना सापडलं तर परदेशी माणसाला पाच ते पन्नास हजार बाथ दंड, वर देशाबाहेर रवानगी, आणि मग दोन वर्षं परवाना नाही. नोकरी देणाऱ्याला दंड वेगळा. एक बाथ म्हणजे आपले अडीच रुपयांच्या वर, हिशोब गुड्डीनेच करावा, ती कॉमर्सची आहे. आणि दंड भरताना एजंट शेजारी उभा नसतो.

मेडिकलचं आजीला सांगा, ती हसेल. सर्टिफिकेटवर लिहावं लागतं की हिला कुष्ठरोग नाही, क्षय नाही, हत्तीरोग नाही, शेवटच्या टप्प्यातला गुप्तरोग नाही, दारूचं आणि नशेचं व्यसन नाही. डॉक्टर म्हातारे होते. चष्मा खाली करून त्यांनी टेबलाखालून माझ्या पायांकडे पाहिलं, दोन्ही पाय सारखेच आहेत अशी खात्री केली आणि सही ठोकली. हत्तीरोगाची तपासणी झाली!

मला मिळालेला परवाना म्हणजे एक निळं पुस्तक, पासबुकाएवढं. वर्षाचे तीन हजार बाथ. त्यात शाळेचं नाव, पत्ता आणि काम लिहिलेलं असतं. दुसऱ्या शाळेत शिकवायचं तर हे चालत नाही. जूनमधल्या एका सोमवारी पुस्तक आलं. मुख्याध्यापिका मला गाडीत घालून चौकात 'या मो'च्या पुतळ्यापाशी घेऊन गेली. या म्हणजे आजी. १८२६ मध्ये लाओसमधल्या व्हिएंतियानच्या फौजेने इथली माणसं पकडून नेली तेव्हा या बाईने वाटेत कैद्यांना उठवलं, असं इथे सगळे सांगतात. लोक कामाला लागण्याआधी तिला हात जोडतात. राजवाड्यासमोर अहिल्याबाईंना आपण जाता-येता जोडतो तसेच. मीही जोडले. दोन हात जोडायला थाई यावी लागत नाही.

त्याच आठवड्यात गुरुवारी शाळेत 'वाइ ख्रू' होता. ख्रू म्हणजे गुरू, वाइ म्हणजे नमस्कार. वर्षारंभाला गुरुवारीच करतात, कारण वार बृहस्पतीचा. मुलं केळीच्या पानांची तबकं घेऊन गुडघ्यांवर सरकत येतात. माझ्यापुढे सातवीतली एक मुलगी आली. तबकात वांग्याची फुलं, लाह्या, आणि हिरव्या काड्यांची जुडी. मी वाकून पाहिलं. बाबा, दूर्वा! आजी मंगळवारी खजराण्याच्या गणपतीला नेते त्याच, दोऱ्याने बांधलेल्या. शेजारच्या शिक्षिकेने सांगितलं, हे गवत कितीही तुडवा, फुटतच राहतं, विद्या तशी फुटावी म्हणून देतात. आणि वांग्याचं फूल खाली वाकतं, ते नम्रतेचं. मला त्या मुलीचं नावही ठाऊक नव्हतं, तीन दिवसांपूर्वीपर्यंत मी तिच्या वर्गात जायला बेकायदा होते. डोळ्यांत पाणी आलं, ते सगळ्यांनी पाहिलं. असो.

शेवटचा शिक्का इमिग्रेशनचा. तिथे मी सकाळी साडेसातला जाऊन टोकन घेतलं. पासपोर्टच्या प्रत्येक झेरॉक्सवर निळ्या शाईने सही लागते. काळ्या पेनाने केलेल्या माझ्या अकरा सह्या फीने गाडीतच पुसायला लावल्या असत्या, पण पुसल्या जात नाहीत म्हणून नव्याने झेरॉक्स काढल्या. फोटोही परवान्याला लहान आणि इथे मोठा. १,९०० बाथ, दोन तास, आणि ठप्प. त्या आवाजासाठी फेब्रुवारीपासून धावत होतो आपण.

गुड्डी, आता नीट ऐक. आल्यावर व्हिसा बदलून मिळत नाही असं नाही. मिळतो, पण शाळेची सगळी कागदपत्रं तयार हवीत आणि मुक्कामाचे निदान पंधरा दिवस शिल्लक हवेत. कागदपत्रं तयार करणारी शाळा असेल तर ती तुला इंदूरलाच पाठवेल. न पाठवणारी शाळा काय करते ते मी शेजारच्या खोलीत रोज बघते. फिलिपिन्सची एक शिक्षिका आहे. आधीच्या शाळेने "पुढच्या महिन्यात करू" म्हणत तिला तीन वेळा लाओसला पाठवलं. रात्रभर बस, सकाळी मेकाँगवरचा पूल, नवा शिक्का, परत रात्रभर बस, आणि सोमवारी पहिला तास. चौथ्या वेळी शाळेने सांगितलं, तुझी गरज नाही. तक्रार कुठे करणार? ती तिथे शिकवत होती हेच कागदावर नव्हतं. आता तिच्याकडे निळं पुस्तक आहे आणि ते ती उशीखाली ठेवते. मी हसले होते, ती नाही हसली.

म्हणून एजंटला तीन गोष्टी विचार: शाळेचं नाव काय, करार कुठाय, आणि बी व्हिसाची पत्रं शाळा कधी पाठवणार. "भिया, टेन्शन मत लो" असं उत्तर आलं तर उठून ये.

शिक्का बसला म्हणून सुटका नाही. दर नव्वद दिवसांनी "मी इथेच राहते" असं कळवावं लागतं. फुकट आहे, पण चुकलं तर दोन हजार बाथ. मी तारीख कालनिर्णयावर लाल शाईने लिहिली आहे, एकादशीच्या खाली.

आई, दिवाळीला येतेय. इथे ऑक्टोबरमध्ये सत्र संपून सुट्टी असते, बरोबर जुळतंय. पण तिकीट काढण्याआधी मला री-एंट्रीचा शिक्का घ्यावा लागेल, एक हजार बाथ. तो न घेता विमानात बसले तर वर्षाचा मुक्काम त्याच क्षणी रद्द, आणि बाबांना पुन्हा कोर्टात जावं लागेल. तेव्हा आधी शिक्का, मग तिकीट, मग चिवड्याचे पोहे भाजायला घे.

बुधवारी गणपती बसतील. इथे मोदकाचं पीठ मिळतं, नारळ तर ढिगाने. आरतीच्या वेळी व्हिडिओ कॉल लावा, आणि फोन आजीकडे देऊ नका, ती छत दाखवते.

तुमची लेक

ता. क. गुड्डीच्या बी.कॉम.च्या मार्कशीटचा फोटो पाठवा. नावाआधी 'कु.' आहे का ते मला बघायचंय.