कच्च्या वाटेवरची विजेची दुचाकी : विकताना खरे सांगा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दसरा जवळ आला की वृत्तपत्रांची पाने दुचाकींच्या जाहिरातींनी भरून जातात. अलीकडे त्यांत डोंगरात, शेतात, नदीपात्रात चालणाऱ्या, जाड नक्षीच्या टायरच्या आणि उंच सस्पेन्शनच्या विजेच्या ऑफ-रोड दुचाकीची भर पडली आहे. ‘नंबर नको, लायसन नको, पेट्रोल नको आणि मेंटेनन्स तर नाहीच’ असे सांगून ती विकली जाते. मी जावळी तालुक्यातला शेतकरी असून अशी एक दुचाकी अडीच वर्षांपासून बाळगून आहे. ती माझ्या फार उपयोगाची आहे. पण विकताना मला जे सांगितले गेले त्यातले बरेचसे खरे नव्हते, आणि यंदाच्या मुहूर्तावर पैसे मोजणाऱ्यांना ते आधी कळावे, एवढ्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

आमचे घर खोऱ्यात आणि जमीन वर उतारावर आहे. दोहोंमध्ये दोन किलोमीटरची पाणंद आणि घरापासून वरच्या वावरापर्यंत सुमारे ३०० मीटरची चढण आहे. आषाढात त्या पाणंदीत पेट्रोलची दुचाकी घालायची म्हणजे अर्धा क्लच दाबून, इंजिन भणाणत ठेवून, मागच्या चाकाने चिखल उडवत कसेबसे वर जायचे, आणि एकदा बंद पडली की उतारावर ती पुन्हा उचलणे दोन माणसांचे काम. विजेच्या मोटरला क्लच नाही, गिअर नाही, आणि चाक थांबलेले असतानाही तिची ओढ पूर्ण असते. त्यामुळे दगडावर चाक अडले तरी मूठ हळूहळू पिळत गेले की गाडी बैलासारखी पाय रोवून वर चढते. माणूस, गाडी आणि खताची अर्धी गोणी मिळून १६० किलो वजन ३०० मीटर वर न्यायला निव्वळ उचलण्याची ऊर्जा ०.१३ युनिट लागते. वाटेतला चिखल, खडे आणि मोटरमधली उष्णता धरली तरी पाव युनिटाच्या आसपास काम भागते. माझी बॅटरी ७२ व्होल्ट, ४० अँपिअर-तासांची, म्हणजे २.८८ युनिटांची आहे. पण विक्रेत्याने सांगितलेले १०० किलोमीटर हे सपाट डांबरावरच्या संथ चालीचे होते. आमच्या चढणीला ती ४० किलोमीटर चालली तरी मी समाधानी असतो. गिऱ्हाईक डोंगरातले आहे हे दिसत असताना त्याला डोंगराचाच आकडा सांगायला हवा होता.

हे झाले चालण्याचे. कायद्याची गोष्ट याहून गंभीर आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार बॅटरीवरच्या दुचाकीला नोंदणीतून आणि लायसनमधून सूट मिळते, पण तिच्या मोटरची ३० मिनिटांच्या कसोटीतली शक्ती २५० वॅटपेक्षा कमी, कमाल वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी आणि बॅटरी वगळून वजन ६० किलोपर्यंत असले तरच. या तिन्ही अटी एकत्र पाळल्या गेल्या पाहिजेत आणि पुण्याच्या एआरएआय (ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया) सारख्या मान्यताप्राप्त संस्थेने ते मॉडेल तपासलेले असले पाहिजे. माझ्या दुचाकीची मोटर ३,००० वॅटची, म्हणजे मर्यादेच्या बारा पट आहे. ही सूट तिला लागूच होत नाही, आणि हे विकणाऱ्याला ठाऊक नसेल यावर माझा विश्वास बसत नाही.

हँडलखाली ‘फक्त ऑफ-रोड वापरासाठी’ अशी छोटी पट्टी चिकटवलेली होती. माझ्यासारख्या माणसाने तिचा अर्थ ‘डांबरी रस्ता सोडून कुठेही’ असा घेतला. मोटार वाहन कायदा १९८८ मात्र फक्त कारखान्यात किंवा इतर बंदिस्त आवारातच वापरण्यासाठी बनवलेल्या खास वाहनाला ‘मोटार वाहन’ या व्याख्येतून वगळतो, आणि ज्या वाटेवर लोकांना जाण्या-येण्याचा हक्क आहे ती प्रत्येक वाट त्या कायद्याने सार्वजनिक जागा ठरते. आमची पाणंद ही तशीच जागा आहे. म्हणजे दीड वर्ष मी बिननोंदणीचे, बिनविम्याचे मोटार वाहन सार्वजनिक वाटेवरून रोज नेत होतो. त्या काळात कोणाला माझ्या गाडीचा धक्का लागून इजा झाली असती, तर भरपाई द्यायला विमा कंपनी नव्हती, मी आणि माझी सहा एकर जमीनच होती. ‘आता तरी पासिंग करून द्या’ म्हणून चौकशी केली, तेव्हा मॉडेललाच मान्यता नसल्यामुळे एकेका गाडीची नोंदणी होऊ शकत नाही, हे कळले. त्या दिवसापासून दुचाकी वरच्या शेतातल्या शेडमध्ये असते. मी पाणंद चालत चढतो आणि गाडीवर बसतो ते माझ्या बांधाच्या आत.

मान्यता म्हणजे नुसता कागद असे ज्यांना वाटते, त्यांना मार्च २०२२ मध्ये पुण्यात रस्त्याकडेला उभ्या असलेल्या विजेच्या स्कूटरने पेट घेतल्याची चित्रफीत आठवत असेल. त्या उन्हाळ्यातल्या अशा घटनांनंतर बॅटरीच्या सुरक्षिततेचे एआयएस-१५६ हे मानक कडक करण्यात आले आणि ते डिसेंबर २०२२ व मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत लागू झाले. एका सेलने पेट घेतला तर आग शेजारच्या सेलमध्ये कशी पसरते, हेही त्यात तपासले जाते. जी गाडी मान्यतेच्या वाटेला गेलीच नाही तिची बॅटरी या कसोटीतून गेली आहे की नाही, हे घेणाऱ्याला कळायला मार्ग नाही, आणि आमच्याकडे ती बॅटरी कडब्याच्या गंजीशेजारी चार्जिंगला लागते. मी आता चार्जिंगची जागा गंजीपासून दूर, पत्र्याखाली सिमेंटच्या कोब्यावर केली आहे. अर्थिंग नव्याने करून घेतले आहे, आणि मी शेडमध्ये असेन तेव्हाच चार्जर लावतो, रात्रभर लावून ठेवत नाही.

आवाज नसणे हा या गाडीचा मोठा गुण म्हणून सांगितला जातो आणि शेतात तो गुणच आहे, कारण गुरे बुजत नाहीत. पाणंदीत मात्र त्याची दुसरी बाजू मी पाहिली. पहिल्याच वर्षी भाद्रपदातल्या एका सकाळी वळणावर आमच्याच वाडीतल्या एक आजी डोक्यावर गवताचा भारा घेऊन पुढे चालल्या होत्या. भारा खांद्यापर्यंत उतरलेला, त्यामुळे बाजूचे काही दिसत नव्हते, आणि माझी गाडी मागून येते आहे हे त्यांना कळण्याचे काही साधनच नव्हते. मी ब्रेक दाबला, मागचे चाक ओल्या मुरमावर घसरले आणि गाडी त्यांच्या पायापासून हातभर अंतरावर आडवी झाली. त्यांनी भारा टाकला नाही, फक्त वळून म्हणाल्या, “अरे बाळा, हाक तरी मारायची.” त्याच संध्याकाळी मी गोठ्यातली बैलाची घुंगुरमाळ हँडलला बांधली, ती आजही आहे. मागून वाहन येते आहे हे आवाजावरून ओळखणाऱ्या आपल्या गावांत या गाड्यांना कायम वाजणारी घंटा असलीच पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

‘मेंटेनन्स नाही’ या शब्दांनी माझे सर्वांत जास्त नुकसान केले. इंजिन ऑइल नाही, स्पार्क प्लग नाही, एअर फिल्टर नाही, हे खरे. पण चेन आहे, स्प्रॉकेट आहेत, ब्रेक आहेत, बेअरिंग आहेत, आणि मोटरची ओढ एकदम येत असल्यामुळे चेनवरचा ताण पेट्रोलच्या गाडीपेक्षा कमी नसून जास्तच असतो. पहिल्या पावसाळ्यात मी चेनला फक्त तेल देत गेलो. तेलात लाल माती बसली, तिचा खरवडणारा लेप तयार झाला आणि चार महिन्यांत मागच्या स्प्रॉकेटचे दात आकड्यासारखे वळले. आता चिखलातून आलो की चेन आधी रॉकेलने आणि ब्रशने धुतो, कोरडी पुसतो आणि मगच वंगण लावतो. उतारावर इंजिनाची अडवणूक मिळत नाही, त्यामुळे ब्रेक पॅड लवकर झिजतात, ते दर महिन्याला काढून पाहावे लागतात. स्पोक बोटाने वाजवून पाहिले की सैल झालेला लगेच बद्द आवाज देतो.

धुण्याबाबत मी स्वतः केलेली चूक इथे मुद्दाम सांगतो. बॅटरीच्या पेटीवर आयपी ६७ असे लिहिलेले होते आणि ‘पाण्याची काळजीच नको’ असे सांगण्यात आले होते. दिवाळीच्या आधी फवारणीच्या पंपाने जोराची धार मारून गाडी स्वच्छ केली आणि तिसऱ्या दिवशी ती भर चढणीवर आचके देऊन थांबली. मोटरला जाणारी वीज कमी-जास्त करणाऱ्या कंट्रोलरचा प्लग उघडला तर आतल्या पितळी पिना हिरव्या पडलेल्या. पाण्यापुरता आयपी ६७ चा अर्थ ती वस्तू १ मीटर खोल पाण्यात ३० मिनिटे बुडाली तरी टिकते एवढाच आहे. जोराच्या धारेची कसोटी वेगळी असते आणि बॅटरीवरचा आकडा कंट्रोलरला किंवा प्लगला लागू होत नाही. आता बादली आणि फडके यांवरच माझे काम चालते, आणि पावसाळ्यापूर्वी प्रत्येक प्लग उघडून, कोरडा करून, विजेच्या जोडणीला चालणारे ग्रीस भरून बंद करतो. मात्र त्याआधी मुख्य स्विच बंद करून बॅटरी वेगळी करतो. पूर्ण भरलेल्या अशा बॅटरीचा दाब ८४ व्होल्टपर्यंत जातो आणि ओल्या हातांना तो घातक ठरू शकतो.

बॅटरी ही या गाडीची निम्मी किंमत आहे आणि ती सांभाळणे फारसे अवघड नाही, फक्त कोणीतरी समजावून सांगावे लागते. चढून आल्यावर ती गरम असते. तासभर थंड होऊ द्यावी, मग चार्जर लावावा. रोजच्या कामाला ८० टक्के भरली तरी पुरते. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर ती निम्मी भरून सावलीत ठेवावी, पूर्ण भरून किंवा पूर्ण रिकामी ठेवू नये. मोटर तापते ती वेगाने नव्हे, तर खड्या चढणीवर जड ओझे घेऊन अगदी हळू चालवल्याने. अशा वेळी दोन खेपा कराव्यात. एवढ्या चार गोष्टी एका कागदावर मराठीत छापून द्यायला खर्च किती येतो?

आणखी एका गोष्टीबद्दल बोलल्याशिवाय राहवत नाही. ‘धूर नाही म्हणजे निसर्गाला त्रास नाही’ असे मानून आता या गाड्या आमच्या सड्यांवर, म्हणजे जांभ्या खडकाच्या पठारांवर, चढू लागल्या आहेत. कास पठार ज्या पश्चिम घाटात आहे त्याच्या निवडक भागांना २०१२ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून स्थान दिले. कासवर बंदोबस्त असतो, पण आजूबाजूचे कितीतरी सडे उघडेच आहेत. जांभ्यावर मातीचा थर कुठे चार बोटे, कुठे तेवढाही नाही, आणि गेंद, सीतेची आसवे, दवबिंदू या इवल्या रानवनस्पतींची सारी वस्ती त्या ओल्या थरात असते. गेल्या श्रावणात अशाच एका सड्यावर मी टायरच्या खोल चाकोऱ्या पाहिल्या. चाकोरीच्या बाहेर सीतेच्या आसवांची निळी चादर होती, आत नुसता खडक उघडा पडला होता आणि त्यावरून पाणी वाहत होते. ती माती परत बसायला किती पावसाळे लागतील कोण जाणे. तिथे नुकसान करते ते चाक, मग ते पेट्रोलवर फिरो की विजेवर. राखीव वनात आणि अभयारण्यात परवानगीवाचून वाहन नेणे हा गुन्हा आहे, हे तर या गाडीच्या कोणत्याच जाहिरातीत मी आजवर वाचलेले नाही.

माझे मागणे दोन प्रकारचे आहे. शासनाने शेतातल्या आणि पाणंदीतल्या वापरासाठी कमी वेगाच्या, पण पुरेशा ओढीच्या विजेच्या दुचाकीचा वेगळा वर्ग करावा, त्याला सोपी नोंदणी आणि परवडणारा विमा द्यावा. ट्रॅक्टरसाठी जसा विचार झाला तसा याही वाहनासाठी होऊ शकतो. आणि तोवर विक्रेत्याला बिलावरच लिहून देणे बंधनकारक व्हावे : मोटर किती वॅटची आहे, मॉडेलला मान्यता आहे की नाही, गाडी कायद्याने कुठे चालवता येते आणि बॅटरी निकामी झाल्यावर कोण परत घेणार. बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम २०२२ मध्ये उत्पादकावर ही जबाबदारी आधीच टाकलेली आहे, पण माझ्या विक्रेत्याला त्याबद्दल विचारले तर त्याने भंगारवाल्याकडे बोट दाखवले. आपल्या वृत्तपत्रालाही विनंती आहे, की अशा दुचाकीची जाहिरात स्वीकारताना मॉडेलच्या मान्यतेचा उल्लेख तिच्यात असावा, असा आग्रह धरावा.

माझ्या दुचाकीचे बिल आज मी पुन्हा काढून पाहिले. पावणेदोन लाख रुपयांच्या त्या बिलावर ‘इलेक्ट्रिक बाईक, नग १’ एवढेच लिहिलेले आहे.

आपला विश्वासू,
एक शेतकरी वाचक
ता. जावळी, जि. सातारा