कटाई पुढे ढकलली, हे इंग्रजीत कसं लिहायचं?

धुळे

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

दुबईच्या व्यापाऱ्याला पाठवायच्या मेलचा तुझा मसुदा वाचला. त्यात 'पुट ऑफ' सारखं सारखं आलंय, एखादा भारदस्त शब्द सुचव, असं तू लिहिलंस. फोनवर उरकण्यासारखा हा विषय नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

'पुट ऑफ' चुकीचं अजिबात नाही. ज्यांची मायबोली इंग्रजी, तेही रोजच्या बोलण्यात तेच वापरतात. पण तुझ्या मेलमध्ये ते केळीचे घड भरण्याबद्दल आलंय, कटाईबद्दल आलंय, कंटेनरबद्दल आणि पैशांबद्दलही. या चारही गोष्टी लांबल्या हे खरं, पण एकसारख्या लांबल्या नाहीत. कुणी लांबवलं, मुद्दाम लांबवलं का, आणि आता कधी होणार, हे त्या माणसाला कळायला हवं. त्याने तिकडे माल पिकवायची आणि पुढे दुकानांना पोचवायची तयारी धरलेली असते. शब्द बदलायचा तो त्यासाठी. भारदस्तपणाचं मला फारसं कौतुक नाही.

घडांपासून सुरुवात कर. रावेर-यावलकडे पारा उतरला की केळीची वाढ मंदावते, फण्या भरत नाहीत, हे तुला मी सांगायला नको. तुझ्या कांदेबाग हंगामातल्या केळीच्या शेवटच्या मालाचं तेच झालं. हे तू केलं नाहीस, थंडीने केलं. इथे शब्द 'डिले'. 'द क्रॉप इज डिलेड बाय द कोल्ड' असं लिही. पीक, गाडी, जहाज, पाऊस यांना 'डिलेड' म्हणतात, 'पोस्टपोन्ड' म्हणत नाहीत, कारण पोस्टपोन करायला ठरवणारा माणूस लागतो आणि आधी ठरलेला कार्यक्रम लागतो.

असा ठरलेला कार्यक्रम म्हणजे तुझी कटाई. घड भरले नाहीत म्हणून ती तू विचार करून पुढे नेलीस, तिथे 'पोस्टपोन' अगदी चपखल बसतो. 'वुई हॅव पोस्टपोन्ड द हार्वेस्ट अनटिल मंडे.' थंडीने डिले केला आणि म्हणून तू पोस्टपोन केलंस, ही दोन वाक्यं एकापाठोपाठ आली की कारण आणि निर्णय दोन्ही स्वच्छ दिसतात. तुझ्या मसुद्यात दोन्हीकडे 'पुट ऑफ' असल्यामुळे, थंडीचं कारण सांगून तूच टाळतोयस की काय, अशी शंका येते. तुझ्यासारख्या सचोटीच्या माणसाबद्दल ती यावी हे मला बघवत नाही.

तारीख नक्की नसेल, नुसतं 'जरा थांबतो' म्हणायचं असेल, तर 'होल्ड ऑफ' आहे. 'वुई आर होल्डिंग ऑफ ऑन द हार्वेस्ट', म्हणजे अजून हात घातलेला नाही, अंदाज घेतोय. आणि नवी तारीख ठरली असेल तर 'रीशेड्यूल'. कंटेनरसाठी हाच वापर. व्यापाऱ्याला तो सगळ्यात आवडतो, कारण त्या शब्दाच्या पोटात नवी तारीख असते. ती मात्र लगेच लिहायची, नाहीतर त्या शब्दाला अर्थ उरत नाही.

पैशांसाठी 'डिफर' घे. पेमेंट पंधरा दिवसांनी चालेल असं तू कबूल केलंयस, ते 'डिफर्ड पेमेंट'. बँकेच्या आणि कराराच्या भाषेत हाच शब्द चालतो. पण 'डिफर'च्या मागे 'टू' आणि माणूस आला की अर्थ पार फिरतो, त्याच्या मताला मान देणं असा होतो. तेव्हा 'आय डिफर टू यू' असं चुकून लिहून बसू नकोस, भाव ठरवताना तर नाहीच.

आता सगळ्यात महत्त्वाचं. 'पुट ऑफ' आणि 'कॉल ऑफ' ही जोडी कधीही एकमेकांच्या जागी ठेवू नकोस. 'कॉल ऑफ' म्हणजे रद्द, विषय संपला. टोकियो ऑलिंपिक आठव. 24 मार्च 2020 ला ते पुढे ढकलल्याचं जाहीर झालं आणि 23 जुलै 2021 ला ते सुरू झालं, तरी नाव 'टोकियो 2020' हेच राहिलं. ते 'पुट ऑफ'. दुसऱ्या महायुद्धात 1940 आणि 1944 ची ऑलिंपिकं झालीच नाहीत, ती 'कॉल्ड ऑफ'. तुझ्या मेलमध्ये शेवटी 'शिपमेंट कॉल्ड ऑफ' असं पडलंय. ते आधी खोड! ते वाचलं की तो दुसऱ्याकडून माल उचलणार आणि तुझ्या शेतातले घड तसेच राहणार. संप 'कॉल ऑफ' केला म्हणतात तेव्हा आपण मराठीत 'मागे घेतला' म्हणतो, तो वापर वेगळा.

उलट बाजूही बघून ठेव. तारीख अलीकडे आणायची झाली की आपण सर्रास 'प्रीपोन' म्हणतो. भारतात ते बिनदिक्कत चालतं, मलाही तो शब्द आवडतो. परदेशी माणसाला लिहिताना मात्र 'ब्रिंग फॉरवर्ड' लिही. तसंच 'टेबल'. ब्रिटनमध्ये प्रस्ताव 'टेबल' केला म्हणजे चर्चेला मांडला, अमेरिकेत 'टेबल' केला म्हणजे बाजूला ठेवला. एकच शब्द नेमका उलट, म्हणून तो व्यवहारात नकोच.

'अ‍ॅडजर्न' सभेला आणि कोर्टाला, आपलं 'तहकूब'. 'सस्पेंड' चालू काम थांबवायला. 'शेल्व्ह' म्हणजे बासनात गुंडाळणं. तुला यातलं आज काही लागणार नाही. 'प्रोक्रॅस्टिनेट' तुझ्या मुलाच्या पुस्तकात येईल. त्याच्या मुळाशी लॅटिनमधला 'क्रास' आहे, म्हणजे उद्या. आळसाने आजचं उद्यावर टाकणं. त्याच्यापुढे कर्म येत नाही, आणि थंडीत पहाटे बागेत फिरून घड चाचपणाऱ्या माणसाला तो लागू नाही.

वाक्यरचनेचं थोडं. 'पुट ऑफ', 'पोस्टपोन', 'डिले' यांच्यामागे क्रियापद आलं तर ते 'आयएनजी' लावूनच. 'पुट ऑफ कटिंग' बरोबर, 'पुट ऑफ टू कट' चूक. 'इट' आलं तर मध्ये, 'पुट इट ऑफ'. आणि 'पुट मी ऑफ' झालं की अर्थ निराळाच. 'ही कीप्स पुटिंग मी ऑफ' म्हणजे तो मला झुलवत ठेवतोय. 'द स्मेल पुट मी ऑफ' म्हणजे त्या वासाने मन उडालं. व्यापाऱ्याला आपल्या मालाबद्दल लिहिताना हे दोन्ही अर्थ आसपास नकोत, 'पोस्टपोन' घेण्याचं हेही एक कारण.

हे बघ भो, मेल एवढाच पुरे: थंडीने पीक 'डिलेड', म्हणून कटाई सोमवारपर्यंत 'पोस्टपोन्ड', कंटेनर अमुक तारखेला 'रीशेड्यूल्ड', पेमेंट ठरल्याप्रमाणे 'डिफर्ड'. वर एक ओळ घाल, की ऑर्डर कायम आहे. आणि सोमवारच्या पुढे नेऊ नकोस. घड एकदा भरायला लागले की ऊन पडल्यावर झपाट्याने पुढे जातात. जास्त तयार झालेला माल रीफरमध्ये, म्हणजे थंड कंटेनरमध्ये, 13-14 अंशांवर ठेवला तरी वाटेत पिकायला लागतो, हे तूच मला पॅकहाउसमध्ये फणी हातात देऊन दाखवलं होतंस.

सुधारलेला मसुदा आज रात्रीच पाठव, सकाळी शाळेत जायच्या आधी वाचून ठेवतो. वहिनींना नमस्कार, काकूंच्या गुडघ्याचं कसं आहे ते कळव. बामणोदची वांगी आणलीस तर भरीत तुमच्याकडेच, रविवारी येतो.

तुझा,
धुळेकर मित्र