उभ्या मुलाचे शून्य कार्य

प्रिय मित्रास,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र पोहोचले. भौतिकशास्त्रासारख्या रुक्ष विषयाच्या तासाला मुले हसतात तरी कशाला, असे तू विचारले आहेस. बहुधा मलाच हसतात, आणि तेही मीच शिकवलेली व्याख्या माझ्यावर उलटवून.

गेल्या आठवड्यातलेच घे. गृहपाठ न आणल्याबद्दल एकाला मी उभे केले होते आणि फळ्यावर लिहीत होतो, की कार्य म्हणजे बल गुणिले बलाच्या दिशेने झालेले विस्थापन. मागून आवाज आला, ‘‘सर, माझे विस्थापन शून्य, म्हणजे माझे कार्यही शून्य. मग पाय का दुखतात?’’ वर्ग खो-खो हसला. मीही हसलो, पण प्रश्न थट्टेचा असला तरी पोकळ नव्हता. माणूस स्थिर उभा असला तरी त्याच्या स्नायूंतील तंतू सतत आकुंचन पावत आणि सैल होत असतात, त्यासाठी शरीर ऊर्जा खर्च करते आणि तिची अखेर उष्णता होते. टेबलाला मात्र पुस्तक पेलून धरण्यासाठी असा कोणताच खर्च करावा लागत नाही. हे ऐकून घेऊन तो म्हणाला, ‘‘म्हणजे टेबल दमत नाही, मी दमतो, हे सिद्ध झाले. बसू का?’’ बसवले. दुसरे करणार काय?

जडत्वाचे, म्हणजे बाह्य बल लागल्याशिवाय स्थिर वस्तू जागची हलत नाही या नियमाचे, तर विचारूच नकोस. उशिरा आलेल्या एकाने ‘‘आज बाह्य बल घरी नव्हते’’ असे कारण दिले, आणि बाह्य बल म्हणजे आई, हे कळायला मला थोडा वेळ लागला.

मुक्त पतन शिकवताना मी जरा रंगात आलो होतो. १९७१ साली अपोलो १५ मोहिमेत डेव्हिड स्कॉट यांनी चंद्रावर सव्वा किलोहून जड हातोडी आणि एक पीस एकाच वेळी सोडले आणि हवा नसल्यामुळे दोन्ही बरोबरच खाली पोहोचले, असे सांगताच पहिल्या बाकावरची मुलगी गंभीरपणे म्हणाली, ‘‘हवा नाही, तर तिथे पक्षी उडाला कसा?’’ त्यांच्या चांद्रयानाचे नाव ‘फाल्कन’, म्हणजे ससाणा, असल्यामुळे ससाण्याचे पीस पृथ्वीवरूनच नेले होते, असा खुलासा मी केला. त्यावर तिची शंका अशी, की मग हातोडी कोणत्या यानाच्या नावावरून नेली?

काल प्रकाशाचा वेग होता. सूर्यप्रकाश आपल्यापर्यंत यायला सुमारे ८ मिनिटे २० सेकंद लागतात, त्यामुळे सूर्य या क्षणी विझला तरी तेवढा वेळ आपल्याला पत्ता लागणार नाही, असे मी म्हणालो. तेव्हा पाय दुखणाऱ्या त्याच मुलाने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले आणि विचारले, ‘‘सर, तास संपायला सात मिनिटे आहेत. म्हणजे सूर्य विझला तरी सुटका नाही?’’

नाही, असे सांगून मी फळ्यावर पुढचे उदाहरण घातले.

तुझा,
एके काळचा बाकसोबती